नोकरी सांभाळून आरोग्य-माहितीशास्त्र : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

प्रश्न : मी कोल्हापुरातील एका खासगी रुग्णालयात ११ वर्षांपासून स्टाफ नर्स आहे. जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेनंतर पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग पूर्ण केले. दोन वर्षांपूर्वी रुग्णालयात नवी संगणकप्रणाली आली, तेव्हा आमच्या वॉर्डातून प्रशिक्षणासाठी माझी निवड झाली आणि आता इतर सिस्टर्सना काही अडले की त्या माझ्याकडेच येतात. हे काम मला मनापासून आवडते, म्हणून हेल्थ इन्फर्मॅटिक्सचे, म्हणजे आरोग्य-माहितीशास्त्राचे, रीतसर शिक्षण घ्यावे असे वाटू लागले आहे. मुलगा सातवीत आहे, सासूबाईंचे वय झाले आहे. पुण्या-मुंबईला जाऊन राहणे शक्य नाही. एका प्रवेश-सल्लागाराने दूरस्थ पद्धतीची पदव्युत्तर पदवी सुचवली असून ‘हजर राहण्याची गरज नाही, सगळीकडे मान्य आहे’ असे सांगत याच आठवड्यात शुल्क भरण्याचा आग्रह धरला आहे. प्रोग्रॅमिंगचा मला गंधही नाही. वय ३६. मी हे करावे का?
— एक परिचारिका, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : शिकावे, जरूर शिकावे; मात्र या आठवड्यात शुल्क भरू नये. आधी मान्यतेचा प्रश्न मिटवू, कारण तो मिटल्याशिवाय बाकीच्या बोलण्याला अर्थ नाही.

संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन करणारा कायदा संसदेने २०२१ साली केला. त्याच्या अनुसूचीत प्रयोगशाळाशास्त्र, फिजिओथेरपी, पोषणशास्त्र असे व्यवसायांचे १० गट दिले आहेत आणि त्यातील दहावा गट आरोग्यमाहिती-व्यवस्थापन व हेल्थ इन्फर्मॅटिक्सच्या व्यावसायिकांचा आहे. रुग्णालयाच्या कोपऱ्यात बसून नोंदी सांभाळणाऱ्या माणसाला कायद्याने व्यावसायिक म्हणून ओळख दिली, याचे मला फार समाधान वाटते. पण त्याच कायद्याचा दूरस्थ शिक्षणावर परिणाम झाला आहे. या कायद्याच्या कक्षेत येणारे आरोग्यविषयक व संलग्न अभ्यासक्रम जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च शिक्षण संस्थांना कळवले. मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, पोषण व आहारशास्त्र ही नावे त्यात स्पष्ट घेतलेली आहेत. दूरस्थ पद्धतीला मनाई असलेल्या विषयांच्या आयोगाच्या यादीत नर्सिंगचे नाव तर त्याआधीपासूनच आहे. म्हणून ‘हेल्थ इन्फर्मॅटिक्स’ असे नाव असलेली दूरस्थ पदवी कोणी देऊ करीत असेल, तर ती या चौकटीत बसते का, हे सल्लागाराच्या शब्दावर न सोडता तुम्ही स्वतः तपासले पाहिजे.

तपासण्याची रीत अवघड नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण मंडळाच्या, म्हणजे डीईबीच्या संकेतस्थळावर कोणत्या विद्यापीठाला, कोणत्या अभ्यासक्रमासाठी, कोणत्या वर्षी आणि कोणत्या सत्रासाठी परवानगी आहे, याची यादी असते. या चारही गोष्टी तंतोतंत जुळल्या पाहिजेत. विद्यापीठ यादीत आहे पण अभ्यासक्रम नाही, किंवा अभ्यासक्रम आहे पण मागच्या वर्षीचा, असे असेल तर तो जुळला असे समजू नये. त्यानंतर विद्यापीठाच्या कुलसचिव कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर मागवावे. मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी ही नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाते, असे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्येच स्पष्ट केले आहे, त्यामुळे घरी बसून मिळवलेली पदवी कमी प्रतीची असा न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही. सगळा भार आहे तो ‘मान्यताप्राप्त’ या शब्दावर. लेखी उत्तर येईपर्यंत थांबल्याने तुमचे नुकसान होणार नाही; घाई करणाऱ्याचे झाले तर होईल.

पदवीचा मार्ग तूर्त बंद किंवा धूसर दिसला, तरी शिक्षणाचा मार्ग बंद होत नाही. माझा सल्ला असा आहे की पहिले वर्ष तुम्ही छोट्या प्रमाणपत्र-अभ्यासक्रमांना द्यावे. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या व्यासपीठावर विदासंच-व्यवस्थापन म्हणजे डेटाबेस, सांख्यिकी आणि पायथन या संगणकभाषेचे अभ्यासक्रम विनाशुल्क पाहता येतात, शुल्क भरावे लागते ते फक्त शेवटच्या परीक्षेचे. परदेशी विद्यापीठांचे या विषयातील छोटे ऑनलाइन अभ्यासक्रमही आहेत. अमेरिकेतील ओरेगन हेल्थ अँड सायन्स युनिव्हर्सिटीने तर १९९९ पासूनच हा विषय दूरस्थ पद्धतीने शिकवायला घेतला आणि २००५ पासून तेथील मेडिकल इन्फर्मॅटिक्स संघटनेबरोबर नोकरदार डॉक्टर-परिचारिकांसाठी वेगळा छोटा अभ्यासक्रम चालवला. म्हणजे काम करता करता हे शास्त्र शिकण्याची परंपरा जुनी आहे. वर्षभराने पदवी हवीच वाटली, तर संगणक-उपयोजन, संख्याशास्त्र किंवा व्यवस्थापन अशा सर्वसाधारण शाखेतील मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी घ्यावी आणि तिला ही प्रमाणपत्रे जोडावीत. संगणकशाखेसाठी काही ठिकाणी बारावीच्या गणिताची अट असते, ती आधी पाहून घ्यावी.

आता विषयाकडे येतो. हेल्थ इन्फर्मॅटिक्स म्हणजे संगणक चालवणे किंवा प्रिंटर दुरुस्त करणे नव्हे, आणि नुसते प्रोग्रॅमिंगही नव्हे. रुग्णाविषयीची माहिती कोठे जन्म घेते, कोणाच्या हातून जाते, कोठे बदलते, कोठे हरवते आणि निर्णय घेणाऱ्यापर्यंत वेळेत व खऱ्या अर्थाने पोहोचते की नाही, याचे हे शास्त्र आहे. माझा स्वतःचा अनुभव सांगतो. मी एका रुग्णालयाच्या वैद्यकीय अभिलेख विभागात होतो, तेव्हा एकाच नावा-आडनावाच्या दोन वृद्ध स्त्रिया एकाच आठवड्यात दाखल झाल्या. गाव एक, आणि दोघींची जन्मतारीखही एकच : १ जून. आपल्याकडे हे का घडते, हे वाचकांना सांगायला नको. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिलेली माणसे प्रत्येक घरात आहेत. नोंदणीच्या खिडकीवर शोध घेतल्यावर पहिले नाव निवडले गेले आणि एकीच्या रक्तातील साखरेचा अहवाल दुसरीच्या नोंदीत जाऊन बसला. इन्सुलिनची सूचनाही निघाली. वॉर्डातील सिस्टरनी रुग्णाकडे पाहिले, केसपेपर पाहिला आणि म्हणाल्या, “या मावशींना शुगर नाहीच.” त्यांनी ते इंजेक्शन थांबवले.

त्या दिवशी सगळ्यांनी नोंदणी-लिपिकाला दोष दिला आणि ‘काळजीपूर्वक काम करा’ अशी नोटीस लावली. मीही तेव्हा गप्प राहिलो, याची मला अजून खंत वाटते, कारण दोष माणसाचा कमी आणि पडद्याच्या रचनेचा जास्त होता. नाव आणि जन्मतारीख या दोनच गोष्टींवर ओळख पटवणारी प्रणाली जेथे १ जूनला निम्मा गाव जन्मतो तेथे टिकणार नाही. यादीत नावापुढे पतीचे किंवा वडिलांचे नाव, गाव, भ्रमणध्वनीचे शेवटचे चार आकडे आणि छायाचित्र दिसले असते, किंवा रुग्णाच्या संमतीने घेतलेला १४ अंकी आभा, म्हणजे आरोग्यखात्याचा ओळखक्रमांक, जोडलेला असता, तर ती चूक होण्याची शक्यता कितीतरी कमी झाली असती. ही दुरुस्ती सुचवण्यासाठी लागते ते ज्ञान निम्मे पुस्तकात असते, निम्मे त्या सिस्टरकडे होते. तुमच्याकडे ते ११ वर्षांचे साठलेले आहे. संगणकाची पदवी घेऊन थेट येणाऱ्या तरुणाला औषध दिल्याची नोंद रात्री दोन वाजता, तीन रुग्ण एकदम हाका मारीत असताना कशी केली जाते, हे ठाऊक नसते.

म्हणून कोणताही अभ्यासक्रम सुरू करण्याआधी एक वही घ्या आणि महिनाभर तुमच्या वॉर्डात माहिती कोठे अडखळते ते लिहून काढा. ॲलर्जीची नोंद ‘शेरा’ या रकान्यात टंकली जाते आणि औषधविभागाच्या पडद्यावर ती दिसतच नाही, असे होते का? वजन एकदा किलोत, एकदा न वजन करता अंदाजाने भरले जाते का? ड्युटी बदलताना ओव्हर दिली जाते, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती सोपवली जाते, त्यातले काय प्रणालीत असते आणि काय चिठ्ठीवर? संगणक बंद पडला तर कागदी फॉर्म कोठे ठेवले आहेत, आणि वीज आल्यावर त्यावरच्या नोंदी पुन्हा कोण भरते? पंचगंगेचे पाणी २०१९ आणि २०२१ मध्ये शहरात शिरले, तो अनुभव घेतलेल्या कोल्हापूरकराला हा शेवटचा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. तळमजल्यावरचे सर्व्हर आणि तळमजल्यावरच्या फायली यांना पुराचा धोका सारखाच. या वहीतला एक प्रश्न निवडून तोच प्रकल्प म्हणून शेवटपर्यंत न्या. प्रत्येक धडा त्या प्रश्नाला लावून पाहिला तर विषय डोक्यात राहतो. नाही तर परीक्षेनंतर महिनाभरात पुसला जातो.

वेळेचा हिशेब मात्र कठोरपणे करावा लागेल. आपल्याकडील दूरस्थ शिक्षणात एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास धरतात. चार श्रेयांकांचा एक विषय १२० तासांचा झाला. रोज एक तास दिला तर त्याला १७ आठवडे लागतात. असे चार विषय एका सत्रात घेतले तर ४८० तास, म्हणजे २४ आठवडे धरले तरी आठवड्याला २० तास. मॉर्निंग, इव्हिनिंग, नाईट अशा फिरत्या पाळ्या, सातवीतला मुलगा आणि सासूबाईंची देखभाल यांत ते बसणार नाही, आणि बसवायचा प्रयत्न केला तर आधी झोप जाईल. झोप गेलेल्या परिचारिकेने औषधांचे हिशेब करू नयेत, हे तुम्हाला मी सांगायला नको. एका सत्रात एक, फार तर दोन विषय घ्या. नाईटच्या आठवड्यात नवा धडा उघडू नका. झालेले वाचा, शब्दांची यादी करा. घरच्यांना सुरुवातीलाच तास सांगून ठेवा, आणि मेट्रनबाईंशी बोलून परीक्षेच्या महिन्यातील पाळ्या आधी ठरवून घ्या. हे बोलायला संकोच करू नये, कारण तुम्ही जे शिकणार आहात त्याचा पहिला लाभ त्यांच्याच वॉर्डाला होणार आहे.

प्रोग्रॅमिंगच्या भीतीविषयी : प्रारंभी एसक्यूएल एवढे पुरे. ती विदासंचाला प्रश्न विचारण्याची भाषा आहे. ‘गेल्या महिन्यात घरी सोडल्यानंतर सात दिवसांत पुन्हा दाखल झालेले रुग्ण कोणते?’ हा प्रश्न तुमच्या मनात आपसूक येतो. तो संगणकाला समजेल अशा चार ओळींत मांडणे दोन-तीन महिन्यांत जमते. सरावासाठी ‘ओपनएमआरएस’ ही रुग्णनोंदींची मुक्त (ओपन सोर्स) प्रणाली आणि तिच्यावर उभारलेली ‘बाह्मनी’ पाहा. बाह्मनी ही छत्तीसगडमधील गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोग या ग्रामीण रुग्णालयाच्या गरजेतून आकाराला आली, आणि पुढे अनेक देशांत पोहोचली. खेड्यातल्या रुग्णालयात काम करणाऱ्यांना आपली अडचण नीट मांडता आली, म्हणून ते घडले.

एका बाबतीत मी कळकळीने बजावतो. अभ्यासाचा प्रकल्प करताना खऱ्या रुग्णांची माहिती पेन ड्राइव्हवर घेऊ नये, पडद्याचे छायाचित्र काढून व्हॉट्सॲपवर पाठवू नये, नाव खोडले म्हणजे झाले असेही मानू नये. लहान गावातला ४२ वर्षांचा, अमुक दुर्मीळ आजाराचा रुग्ण नावाशिवायही ओळखता येतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ही जबाबदारी आणखी स्पष्ट केली आहे. ‘सिंथिया’ नावाची मुक्त प्रणाली अस्तित्वात नसलेल्या रुग्णांच्या खऱ्यासारख्या नोंदी तयार करून देते. सराव त्यावर करावा. रुग्णालयाच्या नोंदींवरच अभ्यास करायचा असेल, तर व्यवस्थापनाची लेखी परवानगी आणि आचारनीती समितीची मान्यता घेऊनच करावा.

नोकरीचे म्हणाल तर कोल्हापुरात ‘हेल्थ इन्फर्मॅटिशियन’ अशी पाटी लावलेली जागा शोधू नका. काम वेगवेगळ्या नावांनी आहे : अभिलेख विभाग, गुणवत्ता विभाग, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे दावे पाहणारा कक्ष, प्रणाली पुरवणाऱ्या कंपन्यांचे प्रशिक्षक. तुमचे रुग्णालय एनएबीएच या रुग्णालयांना गुणवत्ता-मान्यता देणाऱ्या मंडळाच्या मानकांनुसार चालत असेल, तर त्या मानकांत माहिती-व्यवस्थापनावर स्वतंत्र प्रकरण आहे; गुणवत्ता विभागाला विचारून केसपेपर तपासणीच्या समितीत बसू द्या अशी विनंती करा. पगारवाढीचे आश्वासन मी देऊ शकत नाही. पण तुमच्या जागी मी असतो तर शिकलो असतो.

प्रश्न : गडहिंग्लज येथे माझी प्रयोगशाळा आहे. यंत्राचे निकाल थेट संगणकात येतात. पण आमचा अहवाल घेऊन रुग्ण कोल्हापूरच्या रुग्णालयात गेला की तेथे ते आकडे पुन्हा हाताने भरतात. मी ऑनलाइन अभ्यासक्रमाला नाव घातले आहे. आयसीडी, स्नोमेड, लॉइंक, एचएल-७ या नावांनी गोंधळ उडाला आहे. हे सगळे पाठ करायचे असते का?
— एक लॅब टेक्निशियन, गडहिंग्लज

उत्तर : पाठ काहीच करायचे नसते. प्रत्येक संहिता कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते एवढे धरून ठेवा. आजारांची आकडेवारी आणि विम्याचे दावे यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी. तिची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली, तरी व्यवहारात दहावी अजून सर्वत्र भेटते. डॉक्टरांच्या बारकाईच्या नोंदींसाठी स्नोमेड सीटी. भारत २०१४ पासून तिचा सदस्य आहे, त्यामुळे आपल्याला ती विनामूल्य मिळते आणि तिचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत आहे. एचएल-७ हे एका प्रणालीने दुसरीला निरोप कसा पाठवावा याचे नियम, आणि त्यातील ‘फायर’ (एफएचआयआर) हा नवा प्रकार केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने स्वीकारला आहे.

तुमच्या कामाची खरी संहिता म्हणजे लॉइंक. अमेरिकेतील रेगनस्ट्रीफ संस्थेने १९९४ मध्ये ती सुरू केली. आपण सहज ‘शुगर’ म्हणतो; पण उपाशीपोटी की जेवणानंतर, रक्तातली की लघवीतली, प्रयोगशाळेत की बोटाला टोचून, यावर त्या आकड्याचा अर्थ ठरतो. लॉइंक प्रत्येक तपासणीला सहा अंगांनी ओळखते : काय मोजले, कोणत्या स्वरूपात, कोणत्या वेळी किंवा किती काळात, कोणत्या नमुन्यात, निकाल संख्येत की वर्णनात, आणि गरज असेल तेथे कोणत्या पद्धतीने. एककही तितकेच जपावे लागते. उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि ७ मिलिमोल प्रति लिटर ही एकच साखर आहे, ग्लुकोजसाठी गुणक १८ चा. एकक गळून नुसता ‘७’ पुढे गेला, तर वाचणाऱ्याला रुग्णाची साखर धोकादायकरीत्या कमी झाली असे वाटू शकते. तुमच्या प्रयोगशाळेत सर्वाधिक होणाऱ्या ५० तपासण्यांची यादी करा, त्यांचे लॉइंक क्रमांक शोधा, प्रत्येकीपुढे एकक आणि संदर्भमर्यादा लिहा. हाच तुमचा प्रकल्प. हे झाल्याशिवाय कोल्हापूरच्या रुग्णालयाच्या प्रणालीशी जोडणी करण्यात अर्थ नाही, कारण तार जोडली तरी दोन्हीकडचे शब्द वेगळे राहतील.

प्रश्न : मी शाहूवाडी तालुक्यातील उपकेंद्रात एएनएम आहे. गरोदर मातांची नोंद, लसीकरण, बीपी-शुगरची तपासणी हे सगळे मोबाइलवर भरते आणि रजिस्टरमध्येही लिहिते. रेंज नसली की रात्री घरी बसून भरावे लागते. माझे शिक्षण बारावी व एएनएम. मला हे शिक्षण मिळेल का?
— एक आरोग्यसेविका, शाहूवाडी तालुका

उत्तर : ताई, जिल्ह्याच्या आरोग्याचे जे आकडे कोल्हापुरात आणि मुंबईत पाहिले जातात, ते तुमच्या बोटांतून निघतात. एकच माहिती दोनदा भरण्यात जाणारे तुमचे तास हा या शास्त्रातला फार गंभीर प्रश्न आहे, आणि तो ज्यांना सोसावा लागतो त्यांच्यापैकी कोणीतरी तो शिकून मांडावा, असे मला मनापासून वाटते.

तुमचा मार्ग मात्र लांबचा आहे. आधी पदवी घ्या. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे विभागीय केंद्र कोल्हापुरात आहे. कला किंवा वाणिज्य शाखेची पदवी नोकरी करीत मराठीतून करता येते. प्रवेशाआधी वर सांगितलेली डीईबीची यादी पाहावी आणि प्रवेशासाठी लागणारा डीईबी-आयडी हा विद्यार्थ्याचा ओळखक्रमांक स्वतःच्या भ्रमणध्वनीवरून स्वतः काढावा, दुसऱ्याच्या हाती आधार क्रमांक देऊ नये. त्या काळात संगणकावर एक्सेल चांगले शिकून घ्या. आणि आतापासूनच एक करा : कोणती माहिती रजिस्टर व मोबाइल अशा दोन्हीकडे जाते, त्याला रोज किती मिनिटे लागतात आणि रेंजअभावी किती नोंदी दुसऱ्या दिवशी भराव्या लागल्या, हे दोन महिने तारीखवार लिहून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या मासिक बैठकीत कागदावर द्या. त्या कागदावर एकाही मातेचे नाव नसावे, फक्त नोंदींची संख्या आणि मिनिटे असावीत.